बिनरंगाचं बोनट

आमच्या घरात कुणी कुणाला हळू आवाजात काही सांगितलं असेल, असं मला आठवत नाही. सांगून उपयोगच नव्हता. एका अंगाला राईस मिल, दुसऱ्या अंगाला ब्रह्मपुरीहून आरमोरीकडे जाणारा रस्ता आणि त्यावर दिवसभर भोंगे मारणाऱ्या जीपा, आणि घराच्या पुढच्या अर्ध्या भागात अब्बांचं डेंटिंग-पेंटिंगचं दुकान, म्हणजे पत्र्यावर हातोडा. भाजीत मीठ टाकलं का, एवढं अम्मीला विचारायचं तरी छातीतून ओरडावं लागे. नागपूरला नातेवाइकांकडे गेले की लोक म्हणायचे, ही पोट्टी भांडून काऊन राह्यली? मी भांडत नव्हते, बोलत होते. अजूनही तशीच बोलते, आणि हे लिहितानाही माझा आवाज चढलेलाच आहे असं समजा.

अब्बा म्हणजे रशीद मिस्त्री. नदीच्या अल्याड-पल्याड कुणाची गाडी ठोकली गेली की लोक आधी दवाखान्यात जायचे आणि मग आमच्याकडे यायचे. पत्रा ठोकल्यानं सुधारतो, हा अब्बांचा नमाज-रोज्याच्या खालोखालचा विश्वास होता. "पत्रा शहाना असते," ते म्हणायचे, "आपुन पहिले कसे होतो थे त्याले याद राह्यते. आपन फकस्त आठवन करून द्याची." ठोकून झालं की अम्मीच्या जुन्या मलमलच्या ओढणीचा तुकडा पत्र्यावर टाकून ते त्यावरून तळहात फिरवायचे. उघड्या हाताला जो खड्डा लागत नाही, तो कापडाखालून लागतो. हे मला कुणी शिकवलं नाही, मी बघून उचललं. शाळा सुटली की माझं काम घासाईचं. पुटी, म्हणजे खड्डे बुजवायची लांबी, भरलेल्या जागेवर पाण्यात भिजवलेला घासायचा पेपर घेऊन घासत बसायचं, बोटांची टोकं पांढरी पडून सुरकुतेपर्यंत. कंटाळवाणं काम आहे, खोटं कशाला बोलू. पण तळहाताला जे काही कळतं ते मला त्या कंटाळ्यानंच दिलं.

रंगाची गन मात्र खिळ्यावर टांगलेली असायची, फडक्यात गुंडाळून, आणि तिला हात लावायची मला मुभा नव्हती. अब्बा रागीट नव्हते, पण या एका बाबतीत दगड. "घासनारे सतरा भेटतात," ते म्हणायचे, "गन धरली का मानूस पेंटर होते, आन पेंटर झाला का मंग थो दुकान सोडत नाई. मी थिनर हुंगून हुंगून छाती खराब केली, तुले नाई करू देत." बारावी झाली होती, कॉलेजात नाव होतं, जात होते तेव्हा जात होते. मन सगळं त्या खिळ्यावर टांगलेलं. दुसऱ्या पोरी लग्नात शालू बघायच्या, मी दारातल्या गाड्यांचे रंग बघायचे आणि कुठं ओघळ आलाय ते मैत्रिणींना दाखवायचे. मैत्रिणी म्हणायच्या, नसीम, तुह्यासंग कुठी जाची सोय नाई राह्यली.

त्या उन्हाळ्यात नागपूरहून फुप्पी आली होती. अब्बांची थोरली बहीण. फुप्पा गेल्यावर तिनं स्वतःच्या हिमतीवर ब्युटी पार्लर टाकलं होतं आणि चांगलं चालवलं होतं. तिला मला घेऊन जायचं होतं. अम्मीची संमती होती, अब्बांचीही अर्ध्याहून जास्त. पंख्याखालचं काम, बायांमधलं काम, पुढं स्वतःचं दुकान, वाईट काय होतं त्यात? अब्बा तिला चिडवायचे, "आपा, काम तं एकच हाय ना. घासा, पुटी भरा, रंग मारा." फुप्पी पान लावता लावता म्हणायची, "फरक इतकाच हाय रशीद, माह्या गिऱ्हाईकाले पहिले ठोकावं नाई लागत." सगळे हसायचे, मीही हसायचे, आणि हसता हसता खिळ्यावरच्या गनकडं बघायचे. येत्या इतवारी, म्हणजे रविवारी, फुप्पी परत जाणार होती आणि माझी बॅग अम्मीनं भरायला घेतली होती. मला तोंड होतं, आवाजही होता, पण 'मला इथंच राहायचंय, मला पेंटर व्हायचंय' हे वाक्य काही केल्या घशाच्या वर येत नव्हतं. कारण मी पेंटर होऊ शकते याचा पुरावा काय, तर काहीच नाही.

त्याच आठवड्यात मडावीभाऊ आले. सुधाकर मडावी, आरमोरीच्या पुढं जंगलाला लागून त्यांचं गाव, घरी धानाची शेती, आणि स्वतः तिकडं कोरपन्याच्या बाजूला एका सिमेंट कारखान्यात मशीनवर कामाला. सुट्टीत गावी जाताना आमच्याकडे थांबायचे, कारण त्यांच्या जुन्या लाल गाडीवर त्यांचा जीव होता आणि तिची प्रत्येक खोक अब्बांनी भरलेली होती. त्या दिवशी गाडीच्या टपावर गादीत गुंडाळून काहीतरी बांधलेलं होतं. अम्मीला वाटलं, कुणी आजारी माणूस आणला की काय. "जोहार, मिस्त्री," म्हणत त्यांनी दोऱ्या सोडल्या, गादी उलगडली, आणि एका हातानं, अक्षरशः एका हातानं, ते बोनट उचलून माझ्या पुढ्यात धरलं. "धर नसीमबाई." मी नेहमीच्या हिशेबानं दोन्ही पाय रोवून, कंबर कसून धरलं आणि मागच्या मागं पडायचीच राहिले. एवढं मोठं बोनट आणि वजन भाताच्या सुपाएवढं.

कार्बन फायबर हे नाव मी तोवर फक्त मोबाइलवर वाचलं होतं. काळं, पण सपाट काळं नाही. आत वीण होती, चटईसारखी, एक धागा वर एक धागा खाली, आणि मान जराशी हलवली की ती वीण उजेडात सरकायची. काळ्या रंगाच्या आत दुसरा काळा. माझ्या अंगावर काटा आला, उन्हाळ्यात. पण वरून ते मेणचट, मंद होतं, बारीक टाचणीएवढी छिद्रं होती, कडा खरबडीत होत्या. बनवणाऱ्यानं साच्यातून काढून तसंच पाठवलं होतं. ते गाडीला बसवायचं, आणि वरून नुसतं पारदर्शक लॅकर मारून ती वीण काचेखाली ठेवल्यासारखी दिसली पाहिजे, असं मडावीभाऊंचं म्हणणं. त्याच इतवारी दुपारून नागपुरात हौशी लोकांच्या सजवलेल्या गाड्यांचा मेळावा होता. "आपल्या झाडीपट्टीतून तिथी कोनीच जात नाई," ते म्हणाले. "मी जाऊन राह्यलो."

अब्बांनी बोनटवर बोटाच्या पेरानं टकटक केलं. कान लावला. पुन्हा टकटक. "याचा आवाज मेलेला हाय," ते म्हणाले. मग विचारलं, "रंग कोनता?"

"रंग नाई मारायचा, मिस्त्री."

"पुटी?"

"पुटी तं बिलकुल नाई. आतलं दिसलं पायजे."

अब्बांनी चष्मा कपाळावर चढवला. "रंग नाई, पुटी नाई, ठोकायचं नाई. मंग बाप्पा, तुमी हे माह्याकडं काऊन आनलं?"

फुप्पी आतून म्हणाली, "माह्याकडं द्या, फेशियल करून देतो."

बसवण्यातच जीव निघाला. जुनं लोखंडी बोनट काढलं, नवं ठेवलं, तर डाव्या बाजूला चाकावरचा फेंडर आणि बोनटमध्ये करंगळी जाईल एवढी फट आणि उजवीकडं कागद जाईना. लोखंड असतं तर अब्बांनी गुडघा टेकवून एक दाब दिला असता आणि काम झालं असतं. वर्षानुवर्षांची सवय, गुडघा आपोआप वर गेलाच. आतून कर्र असा बारीक आवाज आला, सुकलेलं टेंभराचं, म्हणजे तेंदूचं, पान चुरगळल्यासारखा. मडावीभाऊंचा चेहरा उतरला. अब्बांनी गुडघा असा मागं घेतला जणू चुलीवर टेकला होता. नशीब, धागा तुटला नव्हता. "याले काईच याद राह्यत नाई," अब्बा नवलानं म्हणाले. "हे पत्र्याच्या जातीचंच नाई."

मग मी बोलले. बोनट वाकत नाही तर वाकवायचं कशाला, ते ज्यावर बसतंय ते सरकवू. मागच्या बिजागऱ्यांचे कब्जे सैल केले, त्यांची भोकं कानशीनं लांबट केली, एका कब्ज्याखाली जुन्या ट्यूबच्या रबराचे गोल कापून वाशरसारखे घातले. एक घातला, बोनट लावून पाहिलं, काढलं. दुसरा घातला, पुन्हा पाहिलं. मी आणि मडावीभाऊ ते इतक्यांदा उचलून ठेवत होतो की जीपवाले थांबून बघायला लागले. शेवटी दोन्ही बाजूंची फट सारखी झाली आणि अब्बांनी ओढणीचा तुकडा टाकून सांध्यावरून हात फिरवला. तो तुकडा माझ्या खांद्यावर टाकून ते हात धुवायला गेले. मला तर नाचावंसं वाटत होतं.

हलकं बोनट वाऱ्यानं उचकटू नये म्हणून पुढं दोन खुंट्या लावून वरून कळ बसवायची असते, त्यासाठी भोकं पाडावी लागली. पट्टी चिकटवून, खालून लाकडाचा ठोकळा धरून, ड्रिल अगदी सावकाश. नाहीतर कडेचे धागे झाडूसारखे उसवतात. तोंडाला फडकं बांधलं होतं पण हात उघडे होते, आणि ती काळी कुसळं अशी अंगात शिरली की रात्रभर खाजवून खाजवून मी रडकुंडीला आले. सकाळी अम्मीनं कणकेचा गोळा घेतला आणि माझ्या हातावरून लाटण्यासारखा फिरवला, काटे काढतात तसा. कणीक काळी झाली, हात शांत झाले. आजही माझ्या वर्कशॉपमध्ये पहिल्यांदा फायबर घासणाऱ्याला मी कणकेचा गोळा देते आणि ते मला वेडी समजतात. एकदा खाज सुटली की गपगुमान मागून नेतात.

ते दिवस आठवले की जेवण आठवतं. मडावीभाऊ रोज आरमोरीपलीकडून यायचे ते पानाच्या द्रोणात टेंभरं आणि चारं, म्हणजे चारोळीची फळं, घेऊन. दुपारी दुकानातच चटई टाकून आम्ही बसायचो, तांदळाच्या भाकरी, अंबाडीची भाजी, सुक्या झिंग्यांची चटणी, आणि लोटाभर कैरीचं पन्हं. सगळ्याला थोडा थिनरचा वास यायचा. मडावीभाऊ सांगायचे, त्यांच्या गावात ही गाडी गेली की म्हातारी माणसं बोनटला हात लावून बघतील, तुह्या गाडीले बांबूची चटई कोनं लावली म्हणून विचारतील. फुप्पी त्यांना वाढता वाढता म्हणायची, "अन् एवढी हौस करून बायको कुठी हाय?" ते मान खाली घालायचे आणि भाकरी मोडायचे.

लॅकरचा दिवस आला तेव्हा खरी अडचण उभी राहिली. उन्हाळी धानाचा हंगाम, शेजारची मिल थांबायचं नाव घेत नव्हती, आणि हवेत सगळीकडं कोंडा. रंगात कोंडा पडला तर अब्बा घासून पुन्हा रंग मारायचे, लपून जायचं. पारदर्शक लॅकरमध्ये काही लपत नाही. मग कुणाच्या डोक्यात आलं ते आठवत नाही, मला वाटतं आम्हा सगळ्यांच्याच एकदम. मागच्या खोलीतला कूलर. त्याच्या ओल्या वाळ्याच्या जाळीतून हवा येते, म्हणजे कोंडा जाळीतच अडकणार. आम्ही विदर्भातली माणसं, मे महिन्यात कसलीही अडचण आली की पहिले कूलर लावतो. कुणालाच काही वावगं वाटलं नाही. पलंग बाहेर काढला, भिंती पुसल्या, दारांना ओल्या चादरी बांधल्या, कूलर भरून सोडला. खोली अशी गारेगार झाली की फुप्पी म्हणाली, रंग झाला का मी इथीच झोपीन.

बोनट मी घासून तयार केलं होतं, छिद्रं पारदर्शक राळेनं भरली होती. अब्बांनी गन खिळ्यावरून काढली, लॅकर ढवळलं, आत गेले. मी ट्यूबलाइट धरून उभी. त्यांनी एक पट्टा मारला, दुसरा मारला आणि थांबले. वाकून पाहिलं, चष्मा काढला, पुन्हा घातला. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "ओलं कुठी हाय, सुकं कुठी हाय, मले दिसून नाई राह्यलं." रंग असता तर त्यांनी अंदाजानं मारला असता. हे पाण्यासारखं होतं, आणि त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला होता. आम्हाला कुणाला माहीत नव्हतं. त्यांना माहीत होतं. मला त्या क्षणी त्यांची खूप माया आली, आणि त्याच क्षणी हात गनकडं गेला. दोन्ही खरं आहे.

दारातून फुप्पीनं सगळं पाहिलं. ती म्हणाली, "रशीद, दे तिले. आन पोट्टी, ऐकून घे. हे साफ निघालं तं मी एकटी बसमदी बसतो, तुह्या बापाशी मी बोलतो. नाई निघालं तं रुसायचं नाई, गुमान माह्यासंग याचं. कबूल?" मी मान हलवली. अब्बांनी गन माझ्या हातात दिली आणि एवढंच सांगितलं, "मनगट नाई वाकवायचं. खांद्यातून चाल."

काय सांगू तुम्हाला ते सुख. फस्स असा आवाज, हातात कॉम्प्रेसरची थरथर, आणि जिथून मी जाईन तिथं मागं ती मेणचट वीण जागी होत जाते. पट्ट्यावर अर्धा पट्टा, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मला ओलं-सुकं असं दिसत होतं जणू कुणी रेघ मारून दिली आहे. शेवटचा पट्टा संपला तेव्हा बोनटमध्ये ट्यूबलाइट अख्खी दिसत होती. अम्मीनं बाहेरून 'माशाअल्ला' म्हटलं. मी अब्बांकडं पाहिलं. ते हसत होते.

चहा अर्धा झाला नसेल तोच मी पुन्हा आत डोकावले. बोनटवर साय धरली होती. मधोमध, पांढरट, ताकाची निवळी सांडल्यासारखी, आणि माझ्या डोळ्यांदेखत पसरत होती. मी ओरडले तशी सगळी धावली. वीण दिसेना. अब्बांनी खोलीत पाय टाकला, हवा हुंगली, हात भिंतीला लावला. भिंत दमट होती. त्यांनी कूलरकडं पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "पानी," ते म्हणाले. "पावसाळ्यात आपन कधी लॅकर मारतो का? आन इथी भर उन्हाळ्यात आपनच घरामंदी पावसाळा करून ठेवला." एवढी साधी गोष्ट. त्यांना ठाऊक होती, मला ठाऊक होती, पण कूलरची हवा म्हणजे पावसाळी हवा हे आमच्या कुणाच्या डोक्यात शिरलंच नाही. आमच्याकडं कूलर ही काही वस्तू नसते, घरातलं माणूस असतं, त्याच्यावर कोण संशय घेईल?

मडावीभाऊ भिंतीला टेकून बसले. इतवार दुसऱ्याच दिवशी होता. फुप्पी चांगली बाई, तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला, आणि त्या हातानं मला जास्तच हरल्यासारखं वाटलं. मी बॅगेचा विचार केला, पार्लरमधल्या पंख्याचा विचार केला. मग मला राग आला, स्वतःचाच, आणि राग आला की माझं डोकं चालतं. मी म्हटलं, "भाऊ, सकाळी लवकर या. मी हे उतरवतो आन पुन्हा मारतो. कूलर बंद."

"आन कोंडा?" अम्मीनं विचारलं.

"खोली बंद. पंखा नाई, खिडकी नाई, हवाच हलू द्यायची नाई. रातभर सगळा कोंडा खाली बसू द्या."

"मरशीन ना गरमीनं."

"नाई मरत," मी म्हटलं, आणि मला तेव्हा खरंच तसं वाटत होतं.

पहाटे लॅकर कडक झालं होतं. आता ती पांढरी साय घासून काढायची, पण तिच्याखालचा धागा उघडा पडता कामा नये. धागा कापला गेला की वीण राखाडी होते आणि ती कुणाच्या बापाला सुधारता येत नाही. पंचाईत अशी की घासलेलं लॅकर सुकलं की पांढरंच दिसतं आणि ओलं असलं की सगळंच छान दिसतं, म्हणजे डोळ्यानं कळायला मार्गच नाही. मग मी बोनटकडं बघणं सोडून दिलं आणि पेपराखालून निघणाऱ्या पाण्याच्या ओघळाकडं बघायला लागले. पेपराखालून पांढरं पाणी निघतंय तोवर आपण लॅकरमध्ये आहोत. त्यात काळपट झाक आली की हात उचलायचा. एक हात घासत होता, दुसरा ओढणीच्या तुकड्यावरून चाचपत होता. बाहेर अजान झाली, मिलचा पट्टा सुरू झाला, पहिली जीप भोंगा मारत गेली, आणि मी तिथं. पुढच्या कडेला ओघळ किंचित राखाडी झाला. हात उचलला, पाणी टाकलं, ट्यूबलाइट तिरपी धरली. वीण शाबूत होती. तिथं पुन्हा पेपर लावला नाही.

अब्बांनी लॅकरमध्ये सावकाश सुकणारं थिनर घातलं, कारण बंद खोलीच्या गरमीत पट्टा पडता पडता सुकला असता. मी डोक्याला ओढणी घट्ट बांधली, कपाळाला दुसरं फडकं, कारण घामाचा एक थेंब आणि खेळ खलास. तोंडावर मास्क चढवला, आणि आत गेले. अब्बांनी बाहेरून दाराला पट्टी चिकटवली. आत भट्टी होती. हवा जागची हलत नव्हती. मी पहिला पट्टा मारला आणि मग मला काही आठवत नाही, म्हणजे सगळं आठवतं, पण सांगता येत नाही. खांद्यातून चालत होते. घाम पाठीवरून पायापर्यंत जात होता. मध्ये थांबायचं, पहिला थर बोटाला तार येईपर्यंत सुकू द्यायचा, तेव्हा मी बोनटवर वाकायची हिंमत न करता भिंतीला चिकटून उभी राहिले आणि मनात अम्मीला येतात तेवढ्या सगळ्या दुआ म्हटल्या. दुसरा थर मारला. बाहेरून अब्बा विचारत होते, "बरी हाय ना?" आणि मी आतून ओरडत होते, "हो." आमच्या घरात ओरडायची सवय त्या दिवशी कामी आली.

दार उघडलं तेव्हा मी आधी पन्ह्याचा अख्खा लोटा प्यायले, मग खाली बसले. कुणी आत जाईना. सगळे मला बघत होते आणि मी दाराकडं. साय धरायची तर आता धरेल. मडावीभाऊंनी चप्पल काढली, का कुणास ठाऊक, आणि चवड्यांवर आत गेले. मग ते म्हणाले, "नसीमबाई, आत या. हे पाहा." काळ्याच्या आत काळा, आणि वर काचेसारखं पाणी. साय नव्हती. माझा घामेजलेला, लाल, वेडाबागडा चेहरा त्यात दिसत होता आणि चेहऱ्यातून चटईची वीण सरकत होती. मी रडले. हो, रडले, लपवायचं काय त्यात.

बोनट चढवून ती लाल गाडी दारात उभी केली तेव्हा उन्हं चांगलीच चढली होती. लॅकर हाताला लागत नव्हतं, पण आतून पक्कं व्हायला वेळ होता, म्हणून मडावीभाऊंना बजावलं की बोट लावू द्यायचं नाही कुणाला. त्यांनी अब्बांचे हात हातात घेतले, "मिस्त्री, लय बढिया केलं तुमी." अब्बांनी हात सोडवून घेतले आणि माझ्याकडं बोट दाखवलं. मडावीभाऊ माझ्याकडं वळले आणि त्यांनी मला जोहार घातला, मोठ्या माणसाला घालतात तसा. फुप्पीनं बोनटमध्ये वाकून आपली ओढणी सारखी केली. "चला भाऊ," ती म्हणाली, "तुमी नागपूरले जाऊनच राह्यले, तं मले बी घेऊन चला. एकटीच हाय मी." आणि मागच्या सीटवर जाऊन बसली. अम्मीनं तिच्या हातात डबा दिला, मग आत जाऊन माझी बॅग रिकामी करायला लागली. तिचं नाक लाल झालेलं मी पाहिलं, पण ती बॅगेतून कपडे काढताना गुणगुणत होती.

गाडी वळणावरून दिसेनाशी झाली तरी मी रस्त्यावर उभी होते. तेवढ्यात एक जीप आत शिरली, आरमोरीच्या फेऱ्या मारणारी, दार बैलगाडीला घासून चेपलेलं. ड्रायव्हर खाली उतरून थेट अब्बांकडं गेला. "रशीदभाऊ, एवढं दार सरळ करून रंग मारून द्या. कधी देसान?"

अब्बा बाकावर बसून चहा ओतून घेत होते. त्यांनी मान वर केली नाही. "दार मी ठोकतो. रंगाचं मले काऊन विचारता? पेंटरले विचारा ना, थे काय, उभी हाय."

ड्रायव्हरनं माझ्याकडं पाहिलं, मग माझ्या मागं कुणी माणूस उभा आहे का ते पाहिलं, आणि पुन्हा माझ्याकडं पाहिलं. मी जीपला एक चक्कर मारली, दारावर तळहात फिरवला.

"परवा या," मी म्हटलं. "आन येताना गाडी धुऊन आना. असल्या चिखलावर मी रंग मारत नाई."